डिंभ्याच्या काठावरच्या बैठका

स्वयंसेवी संस्थांच्या कचेरीत दर तीन महिन्यांनी एक विनोदी दिवस उगवतो. अहवालाचा दिवस. निधी देणाऱ्यांनी पाठवलेल्या तक्त्यात एक रकाना असतो : ‘या तिमाहीत मिटवलेले संघर्ष, संख्या.’ घोडेगावातल्या एका खोलीत हा रकाना भरताना कार्यकर्त्यांची उडालेली तारांबळ मी पाहिली आहे. एक जण म्हणाला, ‘तीन लिही.’ दुसरा म्हणाला, ‘तिसरं मिटलंय कुठं? परवाच परत बांध कोरला त्यांनी.’ मग अडीच लिहावं का, यावर एक चहा झाला. शेवटी तीनच गेले, कारण तक्त्यात अपूर्णांक बसत नव्हता.

तालुक्याच्या बातम्या करता करता अशा कचेऱ्यांत आणि वाड्यांवरच्या बैठकांत कोपरा धरून बसायची मला सवय लागली. छापून येतं ते मोर्चाचं, निवेदनाचं, फार तर पुरस्काराचं. जे छापून येत नाही त्यातले काही किस्से इथे सांगतो. माणसांची आणि वाड्यांची नावं देत नाही. त्यांना तिथेच राहायचं आहे.

जुन्नर-आंबेगावात जातीय संघर्ष कसला, असं पुण्यातला माणूस विचारेल. इथे दंगल नाही, संचारबंदी नाही. पण नारायणगाव किंवा मंचरहून पश्चिमेकडे निघालात की तासाभरात मुलूख बदलतो. पूर्वेला ऊस, टोमॅटो, द्राक्षं; पश्चिमेला डोंगरउताराची भातखाचरं, नाचणी, वरई आणि हिरडा. पूर्वेला बागायतदार, पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर आणि सगळ्यांच्या तळाशी कातकरी. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सरकारदरबारी विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत, त्यांतली एक कातकरी; उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. आणि या दोन मुलखांच्या मधोमध पाणी आहे. घोड नदीवरचं डिंभे धरण साडेतेरा टीएमसीचं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. बाकीची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे. पाणी कालव्याने जातं ते पार नगर-सोलापूरपर्यंत. ज्यांची खाचरं बुडाली ते काठावर उभे राहून त्या पाण्याकडे बघतात. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गावही याच पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि पर्यटक फोटो काढायला येतात.

ही चीर आजची नाही. १८७० च्या दशकात जांभोरीच्या होनाजी केंगले याने सावकारांविरुद्ध बंड केलं, तेव्हा या डोंगरांत सावकारांची नाकं कापली गेली. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजर, कर्जदार कोळी आणि कुणबी. कर्जाचं भांडण बघता बघता जमातीचं भांडण झालं. १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळला, १८७६ मध्ये होनाजी पकडला गेला, आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा करावा लागला. त्या दंग्यांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लोकांनी बऱ्याच ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात न लावता त्याच्या घरातले कर्जरोखे आधी जाळले. भांडणाचं मूळ कागदात आहे, हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षण शिबिराशिवाय कळलं होतं.

आता ‘शाश्वत’बद्दल. आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक यांची ही संस्था भीमाशंकरच्या परिसरात आणि डिंभ्याच्या काठावर वर्षानुवर्षं काम करत राहिली. पडकई, म्हणजे उतारावर दगडी बांध घालून भातखाचर तयार करण्याची आदिवासींची जुनी सामुदायिक पद्धत, तिला त्यांनी रोजगार हमीच्या कामांशी जोडलं. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर धरणग्रस्तांना पीक घेता यावं म्हणून खटपट केली. जलाशयातली मासेमारी धरणग्रस्त आदिवासींच्या सहकारी संस्थेकडे यावी यासाठी त्यांना उभं केलं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळालेल्या जगभरातल्या २५ संस्थांमध्ये ‘शाश्वत’ होती. पेपरांत आलं, अभिनंदनाचे फलक लागले. पुरस्काराचं मानपत्र वाचून असं वाटतं की लोकांनी जाळी घेतली आणि मासे धरायला सुरुवात केली. प्रत्यक्षात महादेव कोळी हा डोंगरातला शेतकरी. समुद्रकाठच्या सोनकोळ्यांशी त्याच्या धंद्याचं काही नातं नाही. जाळं टाकायला त्याला धरणाने शिकवलं. या भागात मासे धरण्यात मुरलेला होता तो कातकरी, आणि त्याला बैठकीत बसायलाही नीट जागा नव्हती.

बसण्याच्या जागेचाच किस्सा सांगतो. एका जलाशयाच्या काठच्या गावात मासेमारीवरून धुसफूस सुरू होती. पावसाळ्यात मत्स्यबीज सोडलेलं, कटला, रोहू आणि मृगळ. ते वाढायच्या आत बारीक आसाच्या जाळ्यात सापडायचं. गावाचं म्हणणं, हे कातकऱ्यांचं काम. कातकऱ्यांचं काहीच म्हणणं नव्हतं, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. संस्थेच्या कार्यकर्त्याने बैठक बोलावली ती देवळाच्या ओट्यावर. गावकरी ओट्यावर, कातकरी बापे पायरीच्या खाली उभे, बाया त्याहून लांब बाभळीखाली. दोन तास बोलणं झालं. ओट्यावरची माणसंच ओट्यावरच्या माणसांशी बोलली. शेवटी ठराव झाला की बारीक जाळं दिसलं तर जप्त करायचं. सही-अंगठे झाले. कातकऱ्यांनीही अंगठे दिले आणि त्याच रात्री जाळी टाकली.

कार्यकर्ता अनुभवी होता, चिडला नाही. पुढची बैठक त्याने भल्या सकाळी पाण्याच्या कडेला ठेवली, होड्या लागतात तिथे. ओटा नाही, पायरी नाही, सगळेच चिखलात उकिडवे. आणि विषय काढला तो असा : ‘मामा, हे जाळं फाटलंय बघा, कसं सांधायचं?’ एका म्हाताऱ्या कातकऱ्याने जाळं मांडीवर घेतलं, अंगठ्यात दोरा अडकवला आणि हात चालवता चालवता बोलायला लागला. कुठल्या महिन्यात मासा कुठं असतो, बीज कुठं टिकतं, कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलं की बीज मरतं. वीसेक गावकरी गप्प बसून ऐकत होते. तास-दीड तासाने म्हातारा म्हणाला, ‘आमी बीज नाय मारीत. पर कालवणाला चार मासं धरलं तर तुमी चोर म्हनता. मंग चोरासारखं रातचं जावं लागतं. रातचं कुठं कळतंय बीज हाय का काय हाय?’

ठरलं ते एवढंच. घरच्या कालवणापुरते मासे धरले तर त्याला चोरी म्हणायचं नाही. विकायचे असतील तर सगळ्यांनी संस्थेच्या काट्यावर आणायचे. ओढ्यांच्या तोंडाशी कोणीच जाळं लावायचं नाही. यावर पुन्हा सही-अंगठे झाले. परतताना गाडीवर मागे बसून मी कार्यकर्त्याला विचारलं, जाळं खरंच फाटलं होतं का? तो म्हणाला, ‘आदल्या रात्री मीच फाडलं.’

मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी १९९९ मध्ये ‘डू नो हार्म’ नावाचं पुस्तक लिहिलं. युद्ध आणि वांशिक संघर्षाच्या प्रदेशात मदत घेऊन गेलेल्या संस्था नकळत भांडणाला खतपाणी कसं घालतात, याचा तो अभ्यास. मदत कोणत्या वाटेने गेली, कोणाच्या हातून वाटली, कोणाच्या घरात उतरवली, यावरून गटांतली दरी वाढते किंवा कमी होते, असं त्यांचं म्हणणं. कार्यशाळांत हे पुस्तक फार चालतं. सोमालिया नि बोस्निया कशाला हवेत, आपल्याकडचं उदाहरण देतो. एका दानशूर मंडळाने एका वाडीला चार होड्या दिल्या. होड्या चांगल्या होत्या. उतरवल्या मात्र सरपंचाच्या भावकीच्या दारात, कारण ट्रक तिथपर्यंतच जात होता. पुढची दोन वर्षं ती वाडी दोन वाड्यांसारखी वागली. लग्नाच्या पंगती वेगळ्या झाल्या. ट्रक अर्धा फर्लांग पुढे नेऊन शाळेच्या अंगणात रिकामा केला असता तर हे झालं नसतं, आणि तो नेता आला असता. देणाऱ्यांना फोटोसाठी उजेड जायच्या आत परतायचं होतं.

गाळपेरीचा किस्सा वेगळा आहे, त्यात कोणी खलनायक नाही. उन्हाळ्याकडे पाणी उतरायला लागलं की काठाने काळी ओली जमीन उघडी पडत जाते. हरभरा घ्यायचा, भुईमूग घ्यायचा, बाजरी घ्यायची तर लगेच पेरलं पाहिजे. जमीन सरकारची, पाटबंधारे खात्याच्या ताब्यातली. धरणग्रस्तांना प्राधान्याने थोड्या काळासाठी ती भाडेपट्ट्याने मिळते. पण पाण्याखालून वर आलेल्या जमिनीवर बांध कुठले? गाळ सगळं एकसारखं करून टाकतो. दोन भावक्यांत दरवर्षी कुऱ्हाडी निघायच्या. एका वर्षी मोजणीदार आला, नकाशा उलटा-सुलटा करून बघितला आणि ‘पाणी अजून उतरू द्या’ असं सांगून गेला. पाणी उतरेपर्यंत पेरणीचा वाफसा गेला असता.

त्या वेळी एका कार्यकर्तीला सुचलं की एका आजीला आणावं. आजी त्या बुडालेल्या गावात लग्न होऊन आली होती. तिला डोलीसारखं दोघांनी उचलून काठावर आणलं. आजी बराच वेळ नुसतीच इकडेतिकडे बघत होती. मग समोरच्या डोंगरातल्या एका कातळाकडे बोट करून तिने चालायला सुरुवात केली, चिखलात काठी टेकत. एका ठिकाणी थांबली. ‘इथं इहीर.’ पोरांनी टिकाव घातला. हातभर खाली दगडी काठ लागला. तिथून पुढे काम सोपं झालं. विहिरीच्या वरच्या अंगाला यांचं खाचर, खालच्या अंगाला त्यांचं, मधून बैलगाडीची वाट. तिच्या सांगण्यावरून दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, आणि कार्यकर्तीने शाळेच्या वहीच्या पानावर नकाशा काढून दोन्हीकडच्या कारभाऱ्यांच्या सह्या घेतल्या. कायद्याने त्या पानाला दमडीची किंमत नाही. त्या हंगामात मात्र दोन्ही भावक्यांनी त्या पानावर पेरलं.

वनहक्काच्या कायद्यात मात्र अशा आजीच्या शब्दाला किंमत आहे. २००६ चा हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, आणि त्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून धरला जातो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, १३० चौरस किलोमीटरचं. ज्या जंगलात बाप-आजा हिरडा गोळा करत आले तिथे गार्ड पावती मागू लागला. ज्याच्यासाठी अभयारण्य झालं ते शेकरू, म्हणजे मोठी खार, वाचलं पाहिजे याबद्दल दुमत नाही, पण शेकरूच्या नावाने झोडपला गेलेला माणूस जंगलाचा मित्र राहत नाही. वनहक्क कायद्याने हा जुना अन्याय थोडा दुरुस्त झाला. त्याच कायद्यातल्या एका तरतुदीने गावात नवी ठिणगी टाकली, आणि ही गोष्ट बाहेर फारशी कोणाला माहीत नाही.

तरतूद अशी. आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं की दावा करता येतो. आदिवासी नसाल तर त्याखेरीज तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, वास्तव्य सिद्ध करावं लागतं. कायद्याच्या दृष्टीने हा फरक समजण्यासारखा आहे. पण एकाच गावात महादेव कोळ्याच्या शेजारी दुसऱ्या जातीचं घर आहे, दोघंही जंगलाच्या कडेला वरई पेरतात, दोघांनाही गार्डाने सारखंच पळवलं आहे. आता एकाला पट्टा मिळणार आणि दुसऱ्याला ७५ वर्षांचा कागद आणायला सांगणार. असा कागद असता तर तो माणूस जंगलाच्या कडेला कशाला राहिला असता? त्यात आरक्षणाच्या भांडणाचे पडसाद. धनगरांना अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीला आदिवासींचा कडाडून विरोध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच निषेध म्हणून मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी घेतली. मुंबईत उडी पडते आणि इकडे डोंगरात दोन शेजारी महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत.

यावर या भागातल्या मुरलेल्या कार्यकर्त्यांची एक युक्ती आहे. कुठल्याही गावात आधी वैयक्तिक दावे भरायचे नाहीत. आधी ग्रामसभेचा सामूहिक दावा तयार करायचा : हिरडा, जळण, चराई, देवराई, पाणवठे, सगळं मिळून. सामूहिक हक्क ग्रामसभेचा असतो आणि ग्रामसभेत सगळ्या जातींची माणसं असतात. सीमा फिरून बघायची, नकाशा करायचा, जाणत्यांचे जबाब घ्यायचे, हे सगळं गाव एकत्र करतं. दोन-चार महिने एकत्र रानं तुडवल्यावर मग वैयक्तिक दाव्यांची फाईल उघडायची. तोवर कोळ्याने शेजाऱ्याच्या बापाचं नाव आपल्या जबाबात घातलेलं असतं. उलटा क्रम लावला तर पहिल्या पट्ट्याबरोबरच गाव फुटतं. घाईच्या उद्दिष्टापायी असा उलटा क्रम लावणाऱ्या संस्थाही मी पाहिल्या आहेत. त्यांच्या अहवालात दाव्यांची संख्या भरघोस असते.

हे काम दिसायला किती किरकोळ! भिवंडीची आठवण येते. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर चार वर्षांनी तिथे आलेल्या सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही नागरिकांनी मोहल्ला समित्या चालवल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने वर्षानुवर्षं हे काम केलं, आणि त्यांच्यावर ‘नाता’ नावाचा माहितीपट २००३ मध्ये निघाला. त्या समित्यांत रोज काय व्हायचं? नळाची तक्रार, गटाराची तक्रार, पोरांच्या मारामाऱ्या. संकटाच्या रात्री माणसं एकमेकांना फोन करू शकली, कारण एरवी गटारासाठी फोन करत होती. डिंभ्याच्या काठावर गटाराच्या जागी जाळं आणि गाळपेर आहे, बाकी रीत तीच. धारावीला कॅमेरा मिळाला, डोंगराला क्वचितच मिळतो.

डोंगराला कॅमेरे मिळाले ते एकदाच, माळीणला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि आंबेगाव तालुक्यातलं हे आदिवासी गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. पुढच्या आठवड्यात मदतीचे ट्रक इतके आले की रस्ता बंद झाला. जुने कपडे ढिगाने पडून भिजत होते. कोणा शहाण्याने त्यात टायही पाठवले होते. दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांची तंबूवर फलक कोणाचा, यावरून बाचाबाची झाली आणि ती सोडवली शेजारच्या गावातल्या एका अंगणवाडीच्या मावशींनी, दोन्ही फलक काढून त्यांचा आडोसा करून. हे ऐकायला गमतीचं वाटतं. गमतीचं नव्हतं ते याच्या मागोमाग आलं. शहरात चर्चा सुरू झाली की या लोकांनी डोंगर उकरून खाचरं केली म्हणून डोंगर कोसळला. मेलेल्यांवरच ठपका. यंत्राने केलेलं सपाटीकरण आणि हाताने, दगड रचून, उताराच्या कलाने केलेली पडकई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सांगत कार्यकर्त्यांना कित्येक महिने फिरावं लागलं. एका जमातीची शेतीची रीतच गुन्हा ठरू पाहत होती. माझ्या मते त्या काळात या संस्थांनी केलेलं सगळ्यात मोलाचं काम ते हेच, आणि कुठल्याही अहवालाच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

संस्थांची आरती ओवाळण्यासाठी हे लिहीत नाही. निधी संपला की कार्यकर्ता दुसऱ्या तालुक्यात जातो आणि अर्धवट मिटलेली भांडणं मागे ठेवून जातो. काही ठिकाणी संस्थेचा माणूसच नवा पाटील होऊन बसतो. त्याच्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. कातकऱ्यांच्या बैठकीत आजही बोलणारा बहुतेक वेळा कातकरी नसतो. आणि ज्या भांडणात समोर पैसेवाला आहे, तिथे चिखलात उकिडवं बसून काही होत नाही. गेली कित्येक वर्षं असं एक भांडण वाढत चाललं आहे, जमिनीचं. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट अशा जागांच्या आसपास शहरातल्या माणसाला दोन एकर हवे आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६अ मध्ये ते स्पष्ट आहे. १९७४ च्या कायद्याने तर पूर्वी हातची गेलेली जमीन आदिवासीला परत मिळवून देण्याची सोय केली. तरीही एखाद्या आदिवासीच्याच नावाने खरेदी, मागून पैसा दुसऱ्याचा, तोंडी करार, असे व्यवहार होतात. मग भावाभावांत फाटतं, वाडीत फाटतं, आणि कार्यकर्ता बैठक घ्यायला जातो तेव्हा ज्याच्या पैशामुळे भांडण लागलं तो माणूस त्या बैठकीत नसतो. तो पुण्यात असतो.

म्हणून वाचकांना एकच सांगणं आहे. या बाजूला स्वस्तात जमीन मिळते असं कोणी सांगितलं, तर सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. तिथे आदिवासी खातेदाराचा किंवा कलम ३६ चा उल्लेख असेल, तर दलाल काहीही म्हणो, तो व्यवहार करू नका.